घरातले कागद आणि पीडीएफ एआयकडून समजून घ्यायचे कसे? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मार्चमध्ये आत्याचा फोन आला, "अगं, उताऱ्यावर माझं नाव अजून आहे का गं? तू त्या कॉम्प्युटरवर बघून सांग ना मला." आमच्या जमिनीचे कागद आजोबांपासून एका रेक्झिनच्या बॅगेत पडून आहेत, सातबारे, फेरफार (नावात किंवा हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदी), दोन खरेदीखतं, एक वाटणीपत्र, आणि घरात कुणीही ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेले नाहीत. काम पडलं की बॅग उघडायची, हवा तो कागद काढायचा, झेरॉक्स मारायची आणि परत ठेवून द्यायची, एवढंच वर्षानुवर्षं चालू होतं. मी ती सगळी बॅग दोन रविवार बसून स्कॅन केली आणि एआयच्या मदतीने समजून घेतली. त्यानंतर आईची हेल्थ पॉलिसी पण तशीच वाचली. हे करताना काय जमलं, कुठे फसायला झालं आणि नवीन माणसाने कुठून सुरुवात करावी ते सगळं इथे लिहितेय, कारण असे न वाचलेले कागद जवळपास प्रत्येक घरात आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, म्हणजे पुढचं लवकर समजेल. एआयला "उत्तर काय?" असं विचारायचं नाही, "कुठे लिहिलंय ते दाखव" असं विचारायचं. त्याने दाखवलेली जागा मग आपण आपल्या डोळ्यांनी वाचायची. ही एक सवय लागली की बाकी सगळं सोपं आहे.

आधी कुठला असिस्टंट घ्यायचा

यात जास्त वेळ घालवू नका. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी, तिन्हीमध्ये फाईल जोडता येते, तिन्हींना मराठी कळतं आणि सुरुवातीला फुकटचं व्हर्जन पुरतं. एकच कागद आहे आणि चारपाच प्रश्न विचारायचेत तर यातलं कुठलंही चालेल. पण कागद पुष्कळ असतील आणि तुम्ही त्यांच्याकडे परत परत येणार असाल तर गूगलचं नोटबुकएलएम बघा. त्यात एक नोटबुक उघडायची आणि सगळ्या फाईल त्यात टाकायच्या (फुकट खात्यात एका नोटबुकमध्ये ५० सोर्स, म्हणजे ५० फाईल, बसतात). ते उत्तर देताना वाक्यापुढे छोटे आकडे देतं आणि आकड्यावर क्लिक केलं की फाईलमधली नेमकी ती जागा उघडते. मी वर जे म्हटलं, जागा दाखव, ते इथे न मागता मिळतं म्हणून जमिनीच्या कागदांसाठी मी तेच वापरलं. पॉलिसीसाठी साधं चॅट वापरलं.

फाईल त्याला खरंच वाचता येते का ते तपासा

ही पायरी लोक सोडतात आणि मग एआय काहीतरीच सांगतं म्हणून वैतागतात. मराठी फाईलच्या बाबतीत तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पीडीएफ उघडा, एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. आता तीनपैकी एक गोष्ट होईल.

ओळ जशीच्या तशी मराठीत आली तर उत्तम, फाईल सरळ अपलोड करा.

ओळ सिलेक्टच होत नसेल तर तो स्कॅन आहे, म्हणजे पानाचा नुसता फोटो. एआय त्यातली अक्षरं बघून ओळखतं आणि ओळखताना चुकूही शकतं, हे लक्षात ठेवून पुढे जायचं.

आणि तिसरं म्हणजे स्क्रीनवर छान मराठी दिसतंय पण पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ येतो. ही फाईल जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असते, श्रीलिपी, कृतिदेव, किरण, डीव्हीबी-टीटी सुरेख वगैरे. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, सगळीकडे रुजायच्या आधी मराठी असंच टाईप व्हायचं, अक्षरं आतून इंग्रजीच, फक्त त्यांच्यावर देवनागरीचं रूप चढवलेलं. आपल्या डोळ्याला रूप दिसतं पण एआयला कधीकधी आतली अक्षरंच मिळतात. जुने जीआर, संस्थांच्या घटना, सोसायटीचे ठराव, क्लासच्या नोट्स यात असं पुष्कळ सापडतं. आणि वाईट गोष्ट म्हणजे ते "मला वाचता येत नाही" असं दरवेळी सांगेलच असं नाही, फाईलच्या नावावरून आणि मधल्या एकदोन इंग्रजी शब्दांवरून अंदाजाने सारांश लिहून देतं आणि तो सारांश वाचायला एकदम बरोबर वाटतो. उपाय सोपा आहे, त्या पानांचे स्क्रीनशॉट काढा आणि फाईलच्या ऐवजी ते द्या. मग ते आतली अक्षरं सोडून चित्र बघतं आणि बऱ्यापैकी नीट वाचतं. पानं जास्त असतील तर जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर असतात, पण त्यात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, त्यामुळे कन्व्हर्ट केलेलं एकदा नजरेखालून घालाच.

कागद हातात असेल तर गूगल ड्राइव्हच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये स्कॅनचं बटण आहे, त्याने पीडीएफ होते. खिडकीजवळ दिवसा करा, घडी पडलेला कागद आधी वह्यांच्या गठ्ठ्याखाली रात्रभर ठेवा, एका फोटोत एकच पान, आणि फाईलला नाव देताना "स्कॅन ००१७" ठेवू नका, "फेरफार ४१२ पान १" असं ठेवा. पुढे उत्तरात फाईलचं नाव येतं तेव्हा या नावाचा किती उपयोग होतो ते कळेल.

बॅगेत मोडीतला कागद निघाला तर तो मोडी वाचणाऱ्या माणसाकडेच न्या. आमच्याकडे असे दोन निघाले. एआयने वाचून दाखवलं खरं, पण एकच कागद दोनदा दिला तर दोन वेगवेगळे मजकूर आले, तेव्हाच मी थांबले.

काय द्यायचं नाही

सातबारा कुणालाही ऑनलाईन बघता येतो त्यामुळे त्याची एवढी काळजी नाही. पण खरेदीखतात आधार नंबर, पॅन, फोटो, अंगठे सगळं असतं. पॉलिसीत जन्मतारीख आणि आजार असतात, बँक स्टेटमेंटचं तर विचारूच नका. माझी पद्धत अशी, स्कॅन करायच्या आधीच त्या आकड्यांवर कागदाची पट्टी ठेवायची. आधीच पीडीएफ असेल तर ती पानं वगळून बाकीची नवी पीडीएफ करायची. नंबरवर मोबाईलमध्ये काळी रेघ ओढली तरी काही अ‍ॅपमध्ये खालचं तसंच राहतं, त्यामुळे रेघ ओढून परत स्क्रीनशॉट घ्या आणि तो द्या. आधारच लागत असेल तर शेवटचे ४ आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं ते वापरा.

सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या गप्पा मॉडेल शिकवायला वापरायच्या की नाही ते पण बघा. चॅटजीपीटीत ते डेटा कंट्रोल्समध्ये असतं, क्लॉडमध्ये प्रायव्हसीच्या खाली, जेमिनीत अ‍ॅक्टिव्हिटीच्या खाली सापडेल, तिथे बंद करा. ऑफिसची फाईल असेल तर ऑफिसला विचारल्याशिवाय अजिबात टाकू नका, आणि दुसऱ्याच्या आजाराचे रिपोर्ट त्या माणसाला विचारल्याशिवाय नाही.

पहिले तीन मेसेज

फाईल टाकली की लगेच मनातला मोठा प्रश्न विचारावासा वाटतो. थांबा. मी आता कुठल्याही फाईलवर आधी हेच तीन मेसेज पाठवते, तुम्ही असेच्या असे टाईप करू शकता.

पहिला: "या फाईलमध्ये किती पानं आहेत, प्रत्येक पानावर काय आहे ते एकेका ओळीत सांग. जी पानं किंवा ओळी नीट वाचता आल्या नाहीत त्या वेगळ्या सांग, अंदाजाने भरू नकोस."

हे उत्तर म्हणजे फाईलचा नकाशा. पानांची संख्या तुमच्या पीडीएफशी जुळते का बघा. माझ्याकडे एकदा २३ पानांच्या फाईलचं उत्तर १४ पानांवर संपलं होतं, पुढचं वाचलंच नव्हतं. मग फाईलचे दोन भाग केले.

दुसरा: "या फाईलमधले अवघड किंवा कायद्याचे शब्द काढ, प्रत्येकाचा अर्थ साध्या मराठीत सांग आणि तो शब्द कुठल्या पानावर आला ते लिही."

हा मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडला. पोटखराब, भोगवटादार, कुळ, इतर अधिकार, आकार, हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेत पण नक्की अर्थ विचाराल तर सांगता येत नव्हता. एआयचं जे सामान्य ज्ञान आहे ते अशा शब्दार्थाला छान चालतं.

तिसरा: "इथून पुढे फक्त या फाईलमध्ये लिहिलंय त्यावरूनच उत्तर दे. प्रत्येक उत्तरासोबत पान नंबर आणि फाईलमधलं मूळ वाक्य जसंच्या तसं दे. फाईलमध्ये नसेल तर 'फाईलमध्ये नाही' असं लिही."

हा मेसेज का लागतो? कारण त्याच्याकडे दोन प्रकारची माहिती असते, एक तुमच्या फाईलमधली आणि एक त्याने आधी कुठून कुठून वाचलेली, आणि उत्तर देताना ते दोन्ही मिसळतं. उदाहरण द्यायचं तर आधीपासून असलेल्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजारांचा खर्च मिळण्याआधी जेवढं थांबावं लागतं तो काळ. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ च्या नियमांप्रमाणे तो जास्तीत जास्त ३६ महिने झाला, त्याआधी ४८ महिन्यांपर्यंत असायचा. इंटरनेटवर जुना आकडा लिहिलेली पानं अजून भरपूर आहेत, त्यामुळे मोघम विचारलं तर मोघमच मिळेल. आपल्याला आपल्या पॉलिसीत काय छापलंय ते पाहिजे.

आता सातबारा, अगदी जवळून

आमच्या गटाचे दोन कागद होते, एक जुना हाताने लिहिलेला सातबारा आणि एक आत्ताचा ऑनलाईन काढलेला. मी दोन्ही टाकून विचारलं, "क्षेत्र किती आहे आणि दोन्हीत फरक आहे का?" उत्तर आलं की जुन्यावर क्षेत्र २.१० आहे आणि नव्यावर ०.११, म्हणजे जमीन खूप कमी झालेली दिसते, कारण शोधावं लागेल. वाचून पोटात गोळाच आला.

मग दोन्ही कागद समोर घेऊन बसले. जुन्यावर २-१० लिहिलं होतं, मध्ये आडवी रेघ. तो दशांश नाही, ते २ एकर १० गुंठे. आणि नव्यावर ०.९१ होतं, स्कॅनमध्ये ९ ची शेपटी पुसट झालेली आणि त्याने तो १ वाचला. आता हिशोब बघा. नवीन सातबारा हेक्टर आणि आरमध्ये असतो, १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे आर आणि गुंठा जवळपास सारखेच. ४० गुंठ्यांचा एकर. तर ०.९१ म्हणजे ९१ आर म्हणजे जवळपास ९० गुंठे म्हणजे २ एकर १० गुंठेच. जमीन होती तेवढीच होती, एक इंचही गेली नव्हती, फक्त मोजायचं माप बदललं आणि एक आकडा चुकीचा वाचला गेला.

यातून मी जे शिकले ते तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. देवनागरी आकडे असलेल्या स्कॅनवर १ आणि ९, तसेच ५ आणि ६ डोळ्यांनी बघायचेच, आणि एआयला बेरीज जुळवायला लावायची. सातबाऱ्यावर जिरायत किंवा बागायत क्षेत्र वेगळं लिहिलेलं असतं, पोटखराब (लागवडीला उपयोगी नसलेलं) वेगळं आणि एकूण वेगळं. आमच्याकडे जिरायत ०.८६ आणि पोटखराब ०.०५, बेरीज ०.९१. मी नंतर असं विचारलं, "जिरायत, बागायत आणि पोटखराब यांची बेरीज करून एकूण क्षेत्राशी जुळते का ते दाखव, जुळत नसेल तर कुठला आकडा पुसट आहे ते सांग." तेव्हा त्यालाच कळलं की ०.११ मध्ये ०.८६ बसत नाही. बेरीज असलेला कुठलाही कागद असो, मार्कलिस्ट, बिल, सोसायटीचा ताळेबंद, हा एक प्रश्न आकड्यांच्या बहुतेक चुका पकडून देतो.

आता आत्याचा प्रश्न. मी विचारलं, "उताऱ्यावर मालक म्हणून कोणाकोणाची नावं आहेत?" त्याने पाच नावं दिली, त्यात आत्याचं होतं. आनंदाने फोन करणारच होते, पण सवयीप्रमाणे कागद बघितला तर आत्याच्या आणि एका चुलत आजोबांच्या नावाला कंस केलेला. सातबाऱ्यावर नावाला कंस म्हणजे ते नाव कमी झालेलं, आणि बाजूला ज्या फेरफारने कमी झालं त्याचा नंबर असतो. हल्लीच्या ऑनलाईन उताऱ्यावर कमी झालेल्या नावावर आडवी रेघही दिसते. एआयने पाचही नावं अचूक वाचली होती, एक अक्षर चुकलं नव्हतं, पण कंसाचा अर्थ त्याने धरला नाही. म्हणजे वाचन बरोबर आणि उत्तर चूक, असंही होतं. म्हणून प्रश्नातच सांगायचं: "ज्या नावांना कंस आहे किंवा ज्यांच्यावर रेघ आहे ती वेगळी काढ, प्रत्येकासमोरचा फेरफार नंबर लिही."

असं विचारल्यावर मात्र जे मिळालं ते मला एकटीला करायला महिना लागला असता. मी पुढे सांगितलं की सगळ्या फेरफारांचा तारखेप्रमाणे तक्ता कर, नंबर, तारीख, प्रकार म्हणजे वारस की खरेदी की हक्कसोड (कुणी आपला हक्क सोडला) की बोजा (कर्ज वगैरेची नोंद), कुणाचं नाव लागलं, कुणाचं कमी झालं, आणि कुठल्या फाईलच्या कुठल्या पानावर आहे. आजोबांपासून आत्तापर्यंतची जमिनीची सगळी गोष्ट एका तक्त्यात समोर आली. आणि तक्त्यातली रिकामी जागाही दिसली: ज्या फेरफारने आत्याचं नाव कमी झालं त्याचा नंबर उताऱ्यावर आहे पण तो फेरफार आमच्या बॅगेतच नाही. कुठला कागद आपल्याकडे नाही हे कळणं मला सगळ्यात मोलाचं वाटलं, म्हणून एक प्रश्न नेहमी विचारा, "या कागदांमध्ये ज्या दुसऱ्या कागदांचा उल्लेख आहे पण जे मी दिलेले नाहीत त्यांची यादी दे."

भोगवटादार (जमीन धारण करणारा) वर्ग १ की वर्ग २ तेही असंच आधी बघून घ्या, वर्ग २ असेल तर जमीन विकायला परवानगी वगैरे अटी येतात आणि तिथे वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

पॉलिसीची पीडीएफ: प्रश्न कसा विचारला त्यावर सगळं आहे

आईची पॉलिसी इंग्रजीत, ४० च्या वर पानं. मी विचारलं रूम रेंटची मर्यादा किती, उत्तर मिळालं विम्याच्या रकमेच्या १ टक्का रोज. ५ लाखांची पॉलिसी म्हणजे ५,००० रुपये. बरोबर उत्तर, पान नंबरसकट. मी समजले की ८,००० ची रूम घेतली तर वरचे रोजचे ३,००० आपण भरायचे, चार दिवसांचे १२,००० झाले, ठीक आहे.

पण दुसऱ्या दिवशी मी वेगळ्या पद्धतीने विचारलं, "आईला ८,००० ची रूम घेतली तर बाकीच्या बिलावर काय परिणाम होईल? फाईलमधली संबंधित सगळी कलमं दाखव, वेगवेगळ्या पानांवर असतील तरी." तेव्हा मागच्या एका पानावरचं प्रपोर्शनेट डिडक्शनचं कलम वर आलं. म्हणजे रूम मर्यादेपेक्षा महाग घेतली तर डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे पैसेही त्याच प्रमाणात कापून मिळणार. मग त्यालाच हिशोब करायला लावला. समजा चार दिवस, रूमचे ३२,०००, डॉक्टर आणि ओटी वगैरे १,२०,०००, औषधं आणि तपासण्या ६०,०००, एकूण २,१२,०००. रूमचे २०,००० मिळतील. १,२०,००० चे ५/८ म्हणजे ७५,००० मिळतील. औषधं आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते ६०,००० पूर्ण. मिळणार १,५५,०००, खिशातून ५७,०००. मी १२,००० धरून चालले होते.

दोन्ही वेळा एआयने खोटं काही सांगितलं नाही. पहिल्यांदा मी "मर्यादा किती" एवढंच विचारलं म्हणून तेवढंच मिळालं. त्यामुळे पॉलिसी, भाडेकरार, लोनचं पत्र, बिल्डरचा करारनामा असल्या फाईलला शब्दाची व्याख्या विचारू नका, घडणारा प्रसंग सांगा. "मी सहा महिन्यांनी घर सोडलं तर डिपॉझिटचं काय?" "हप्ता एक महिना चुकला तर काय काय होईल?" प्रसंग सांगितला की ते वेगवेगळ्या पानांवरची कलमं एकत्र आणतं, आणि शेवटी "यात अपवाद कुठले आहेत" हे जोडायला विसरू नका.

मोठ्या फाईलचं एक गुपित

फाईल अपलोड झाली म्हणजे ती प्रत्येक प्रश्नाला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली जाते असं नाही. मोठी फाईल असली की बरेचदा तिचे तुकडे करून ठेवतात आणि प्रश्नाशी जुळणारे तेवढेच तुकडे काढून त्यावरून उत्तर तयार होतं. म्हणून "अमुक गोष्ट कुठे आहे" याला उत्तर चांगलं येतं, पण "सगळीच्या सगळी यादी दे" किंवा "हा शब्द किती वेळा आलाय" याला येत नाही, चारदोन निसटतात. सगळी यादी हवी असेल तर वीसवीस पानांचे भाग करून प्रत्येकावर तोच प्रश्न विचारा आणि याद्या जोडा. शब्द मोजायचा असेल तर पीडीएफमध्ये कंट्रोल एफ (शब्द शोधायची कळ) करा, ते मोजायला एआय लागत नाही.

गप्पा खूप लांबल्या तर आधी सांगितलेल्या अटीही त्याच्या लक्षात राहत नाहीत, पान नंबर द्यायचं बंद करतं. असं दिसलं की नवीन चॅट उघडा, फाईल परत टाका, तिसरा मेसेज परत पाठवा.

अभ्यासासाठी करणाऱ्यांना

एमपीएससीवाले, कॉलेजवाले, दहावीच्या मुलांचे आईबाबा यांच्यासाठी थोडंसंच, कारण पद्धत तीच आहे. धड्याचा सारांश मागून तो वाचत बसलं तर वाचल्याचं समाधान मिळतं पण डोक्यात राहत नाही. उलटं करा. धडा आधी स्वतः एकदा वाचा, मग फाईल देऊन सांगा, "मला यावर एकेक प्रश्न विचार, मी उत्तर दिल्याशिवाय पुढचा विचारू नकोस, चुकलं तर बरोबर उत्तर लगेच सांगू नकोस, कुठल्या पानावर बघायचं तेवढं सांग." माझा भाचा अकरावीला आहे, त्याने केमिस्ट्रीच्या नोट्स अशा केल्या. पान नंबर मिळाला की तो वही उघडतो आणि स्वतः शोधतो, आणि जे स्वतः शोधलं ते त्याला परीक्षेत आठवतं. एखादी गोष्ट कळलीच नाही तर "अजून सोपं करून सांग" असं म्हणण्यापेक्षा "मला हे असं असं समजलंय, यात चूक कुठे आहे?" असं लिहा, दोन्ही उत्तरांतला फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

शेवटची तपासणी

कागदावरून काही निर्णय घ्यायचा असेल तर एवढं करून मगच उठा. त्याने दिलेलं मूळ वाक्य कंट्रोल एफने फाईलमध्ये शोधा, स्कॅन असेल तर ते पान उघडून बोट ठेवून वाचा. सापडलं नाही तर ते उत्तर सोडून द्या, कितीही पटणारं असलं तरी. मग नवीन चॅटमध्ये तीच फाईल देऊन तोच प्रश्न उलट बाजूने विचारा, म्हणजे "क्लेम मिळेल ना?" असं विचारलं असेल तर "क्लेम नाकारायला कंपनी कुठलं कलम दाखवू शकते?" असं विचारा. आपण आशेने विचारलं की तेही आपल्या बाजूने झुकतं, हे मी बऱ्याचदा बघितलंय. आणि एकदा मुद्दाम फाईलमध्ये नसलेली गोष्ट विचारून बघा. मी सातबाऱ्यावर विहिरीची नोंद कुठे आहे विचारलं, आमच्यात विहीर नाहीच. "फाईलमध्ये नाही" असं आलं तेव्हा बाकीच्या उत्तरांवर जरा विश्वास बसला.

हे झाल्यावर एका कोऱ्या पानावर हाताने लिहा, प्रश्न, मूळ वाक्य, फाईल आणि पान. वकिलांकडे, तलाठ्यांकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा विमा कंपनीच्या माणसाकडे जाताना हे पान घेऊन जा. एआयने असं सांगितलं म्हणून जाऊ नका, तिथे त्याला काही अर्थ नाही. पण "फेरफार अमुक नंबर, त्याची नक्कल पाहिजे" असं म्हटलं की काम पुढे सरकतं.

मी तेच केलं. आत्याचं नाव कमी करणाऱ्या फेरफारचा नंबर लिहून घेतला. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन सरकारच्या आपले अभिलेख साईटवर आलेत, तिथे आधी बघा, मला तिथे सापडला नाही म्हणून तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज केला. तीन आठवड्यांनी नक्कल आली. हाताने लिहिलेली, अक्षर सुंदर होतं. स्कॅन करून नोटबुकमध्ये टाकली, आणि यावेळी पहिला प्रश्न मी हाच विचारला की नाव कशाच्या आधारे कमी झालं ते मूळ शब्दांत दे. हक्कसोडपत्र, त्याचा दस्त नंबर आणि तारीख, एवढं एका ओळीत होतं. नकलेवर बोट ठेवून वाचलं, अक्षर न अक्षर जुळलं. म्हणजे आता तो दस्त दुय्यम निबंधक कार्यालयातून (जिथे दस्तांची नोंदणी होते) काढायचा.

संध्याकाळी आत्याला फोन लावला आणि ती ओळ आहे तशी वाचून दाखवली. तिने परत एकदा वाचायला सांगितली, तारीख विचारली, जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दस्ताला मी पण येते तुझ्याबरोबर, सोमवारी जाऊया का?"